यादीतला लाकडी बैल

मुलांनो, एक लाकडी बैल डोळ्यांसमोर आणा बरं. मुठीत मावणारा नको. तुमच्या कमरेएवढा उंच, पाठीवर बसता येईल इतका रुंद. त्याला चार चाकं आहेत, शिंगांच्या टोकांना पितळी शेंब्या आहेत आणि गळ्यात घुंगरांची माळ. तुमच्या आजोबांनी तो तुमच्यासाठी, फक्त तुमच्यासाठी घडवलेला आहे. दिसला? त्याच्या पाठीवरून हात फिरवा. लाकूड कसं गुळगुळीत लागतं ना? कितीतरी मुलं त्यावर बसून गेली आहेत, म्हणून.

आता असंही समजा, की एके दिवशी कोणी तुम्हाला विचारतं, “हा बैल देशील का? पण कायमचा हं. मग तो कधीच परत तुझा होणार नाही.”

उत्तराची घाई करू नका. ज्या मुलीला हा प्रश्न खरंच विचारला गेला, तिनेही घाई केली नव्हती.

तिचं नाव कांता. वय दहा. ती राहायची भिलाईत, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. तिथे तेव्हा पोलादाचा कारखाना उभा राहत होता. पहिल्या भट्ट्या पेटून काही वर्षं झाली होती, तरी बांधकाम संपलं नव्हतं. रोज कुठेतरी नवा खड्डा खणला जायचा, नवी चिमणी वर चढायची, आणि सकाळी दोरीवर टाकलेलं पांढरं धोतर संध्याकाळी तांबूस होऊन घरात यायचं. कामासाठी कुठूनकुठून माणसं आली होती. नागपूर, वर्धा, उमरेडकडची मराठी कुटुंबंही बरीच होती. कोणी कारखान्याच्या कचेरीत, कोणी रेल्वेत. कांताचे वडील नत्थू यार्डात सांधेवाले होते. कोणती गाडी कोणत्या रुळावर जाईल ते त्यांच्या हातातल्या दांड्यावर ठरायचं.

कामगारांच्या कॅम्पात एका ठेकेदाराने काम संपल्यावर सोडून दिलेली पत्र्याची शेड होती. त्या शेडमध्ये वसुंधराबाईंनी लहान मुलांसाठी बालमंदिर काढलं होतं. बाईंचे यजमान बाबाराव कारखान्यात कारकून. बाई नागपूरला शिकलेल्या, घरात बसून त्यांना करमत नसे. आधी शेजारपाजारची चार मुलं जमली. मग बांधकामावर घमेली वाहणाऱ्या बायका कामावर जाताना आपली मुलं तिथे सोडू लागल्या. जुनवानी गावाकडून चालत येणारी एक बाई आपल्या चंपाला सोडून जायची. चंपा सहा वर्षांची होती. तिला मराठी येत नव्हतं आणि बाकीच्या बऱ्याच मुलांना छत्तीसगढी, पण त्यामुळे कोणाचं काही अडलं नाही.

बालमंदिरात खुर्च्या होत्या, घड्याळ होतं, कपाट होतं, दोन सतरंज्या होत्या. मात्र यातलं बालमंदिराचं काहीच नव्हतं. सगळं लोकांनी वापरायला दिलेलं. रेल्वेच्या माणसांना एक सवय असते. ट्रंक असो, कंदील असो, पांढऱ्या रंगाने नाव टाकल्याशिवाय वस्तू घराबाहेर पडत नाही. त्यांचं पाहून बाकीच्यांनीही तेच केलं, त्यामुळे प्रत्येक खुर्चीच्या पोटाखाली नाव होतं. ज्याची वस्तू तो हवी तेव्हा घेऊन जायचा. बाबारावांकडे नागपूरचे पाहुणे आले, की मुलं जमिनीवर बसायची. घड्याळ तर एकदा कुम्हारी गावाला जाऊन आलं होतं. ते होतं देवीदासांचं. देवीदास म्हणजे मालधक्क्यावरचे रेल्वेचे कारकून. तिथे त्यांच्या भाचीला पाहायला मंडळी येणार होती आणि घरात घड्याळ दिसावं अशी त्यांच्या बहिणीची इच्छा होती.

आणि होता कांताचा बैल.

नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा पोळा असतो, तान्हा पोळा. मुलं लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात आणि घरचे लोक त्यांच्या हातावर खाऊ किंवा नाणं ठेवतात. त्याला बोजारा म्हणतात. कांताचे आजोबा धोंडबा उमरेडला सुतारकाम करायचे. त्यांनी जुन्या मोडक्या बैलगाडीच्या लाकडातून नातीसाठी हा बैल केला होता. लोक म्हणाले, पोरीला कशाला एवढा मोठा बैल? धोंडबा म्हणाले, “पोरगी काय लहानच राहणार हाय?”

रेल्वेच्या क्वार्टरात एवढा बैल ठेवायला जागा नव्हती. म्हणून तो बालमंदिरात राहायचा. कांता शाळा सुटली की तिकडेच जायची. लहान मुलं तिच्याभोवती जमायची. “दीदी, मोला बइठा ना,” चंपा म्हणायची. कांता एकेकाला बसवायची आणि दोरी ओढायची. कोणाला आधी बसवायचं, कोणाला दोन चकरा द्यायच्या, रुसलेल्याला अजिबात बसवायचं की नाही, हे सगळं कांता ठरवायची. बैलच तिचा होता ना!

मग एक दिवस बातमी आली, की शेड पाडणार. तिथून नवा रस्ता जाणार होता.

बाबाराव वसाहतीच्या कचेरीत विचारून आले. जागा मिळेल, पण कोणा एका माणसाच्या नावाने मिळणार नाही. नोंदणी झालेली संस्था पाहिजे. राजनांदगावचे एक भातगिरणीवाले शेठ दोन पक्क्या खोल्या बांधून द्यायला तयार झाले. त्यांचीही एक अट होती. संस्थेला आयकरातून सूट मिळालेली असली पाहिजे, म्हणजे त्यांनी दिलेल्या देणगीवर त्यांनाही करात सवलत मिळेल.

रविवारी बाबारावांच्या ओसरीवर सगळे जमले. नत्थू आले, त्यांच्या गुडघ्याला टेकून कांताही बसली.

“संस्था म्हणजे काय, बा?” तिने हळूच विचारलं.

“मले काय मालूम. बाईले विचार.”

वसुंधराबाई म्हणाल्या, “कांता, समज की आपण एक नवीन माणूस तयार करतो आहोत. कागदावरचा माणूस. त्याला नाव असतं, पत्ता असतो. त्याच्या नावावर जागा होते, खुर्ची होते. फक्त त्याला पोट नसतं आणि खिसाही नसतो. जे येईल ते दुसऱ्यांसाठीच खर्च करायचं.”

“मग त्याले कर कावून नाही लागत?”

“कर कमाईवर असतो. जो स्वतःसाठी कमावतच नाही, त्याच्याकडून सरकार काय घेणार? पण आधी सरकारला पटावं लागतं, की ह्याला खरंच खिसा नाही.”

“असा माणूस आमच्या यार्डात तं नाही पायला,” नत्थू म्हणाले, आणि सगळे हसले.

संस्थेसाठी सात माणसांच्या सह्या लागत होत्या. त्या झाल्या. नियम लिहायचं काम देवीदासांनी आपणहून घेतलं. रेल्वे कर्मचाऱ्यांचं एक सहकारी स्टोअर होतं. तिथे साखर, तेल, कापड मिळायचं. देवीदास त्याचे जुने सभासद. त्यांनी स्टोअरची नियमावली समोर ठेवली आणि ‘स्टोअर’ हा शब्द आला की तिथे ‘बालमंदिर’ लिहून काढलं. त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं. कोणी वाचून पाहिलं नाही. कागद नोंदणीसाठी रायपूरला गेले आणि नामंजूर होऊन परत आले.

सगळे पुन्हा ओसरीवर जमले आणि बाबाराव नियमावली मोठ्याने वाचू लागले. “‘बालमंदिराचा लाभ फक्त सभासदांच्या मुलांना मिळेल.’ अबे देवीदास, चंपाची माय सभासद आहे का?”

“नाही, पण...”

“‘वर्षाअखेर उरलेली रक्कम दिवाळीपूर्वी सभासदांत वाटण्यात येईल.’ वा! ‘बालमंदिर बंद झाल्यास सामान सभासद वाटून घेतील.’”

“यात वाईट काय हाय?” देवीदास चिडले. “स्टोर इतके वर्षं ह्याच नियमावर चालून राहिलं. एक भांडण नाही झालं कधी!”

“भाऊजी, ते दुकान आहे,” वसुंधराबाई म्हणाल्या.

“मग दुकान काय पाप असते?”

“मुळीच नाही. पण दुकानाचा फायदा दुकानवाले वाटून घेतात. इथं तुम्ही काय वाटून घेणार? मुलांची नाकं पुसायचा फडका?”

देवीदासांनाही हसू आलं. नियम पुन्हा लिहिले गेले. बालमंदिर सगळ्यांच्या मुलांसाठी. उरलं तर मुलांसाठीच. सभासदांनी कोणी काही घ्यायचं नाही. आणि बंद पडलंच, तर सगळं सामान अशाच दुसऱ्या संस्थेला द्यायचं.

हे शेवटचं कलम बाबारावांनी पुन्हा एकदा वाचून दाखवलं.

“म्हणजे देल्लं ते देल्लंच?” नत्थूंनी विचारलं.

“दिलं ते दिलंच,” बाई म्हणाल्या.

या वेळी रायपूरहून नोंदणीचा कागद आला. आता राहिली करातली सूट. त्या अर्जासोबत संस्थेकडे काय काय आहे त्याची यादी द्यायची होती. देवीदासांना वाटलं, यादी जितकी लांब तितकी संस्था भारदस्त. त्यांनी शेडमध्ये उभं राहून दिसेल ते लिहिलं. खुर्च्या, कपाट, घड्याळ, सतरंज्या. शेवटी जागा उरली म्हणून लिहिलं, लाकडी बैल, एक.

श्रावणात आयकराचे इन्स्पेक्टर पाहणीला आले. ओमप्रकाश त्यांचं नाव. उंच, सावकाश बोलणारे. मुलं गाणं म्हणत होती, ते त्यांनी पूर्ण ऐकलं. मग यादी हातात घेऊन त्यांनी एक खुर्ची उचलली आणि उलटी केली.

“बाबाराव, भिलाई,” त्यांनी वाचलं. दुसरी उलटी केली. मग घड्याळाच्या मागे पाहिलं. कपाटाच्या बाजूला पाहिलं. “यह सब तो लोगों का है. संस्था का क्या है?”

देवीदास म्हणाले, “साहब, सब घर का ही मामला है.”

“वही तो दिक्कत है,” ओमप्रकाश म्हणाले. त्यांचा आवाज मुळीच चढला नाही. उधार आणलेलं सामान वापरायला हरकत नाही, त्यांनी समजावून सांगितलं, पण मग तसंच लिहा. जे संस्थेचं नाही ते संस्थेचं म्हणून लिहिलं, तर तुमच्या बाकीच्या लिहिण्यावर मी विश्वास कसा ठेवू? पोळ्याच्या सुमाराला पुन्हा येतो, तोवर यादी खरी करून ठेवा.

साहेब गेल्यावर देवीदासांनी कपाळावरचा घाम पुसला. “एवढंच ना? नावं पुसून टाकू. वस्तू ज्याच्या त्याच्या. कागदावर संस्थेच्या, घरी आपल्या.”

“नाही,” वसुंधराबाई म्हणाल्या. “द्यायचं असेल तर द्या. नसेल तर घरी न्या. मला राग येणार नाही. पण मधलं काही नको.”

पुढच्या रविवारी नत्थूंनी यार्डातून काळ्या रंगाचा डबा आणला. ज्यांनी वस्तू द्यायच्या त्यांनी आपलं नाव आपल्या हाताने पुसायचं असं ठरलं. बाबारावांनी खुर्च्या दिल्या. ब्रश फिरवताना ते म्हणाले, “आता पाहुणे आले तर खाटेवर बसवीन. लवकर जातील तरी.” कपाटवाल्यांनी कपाट घरी नेलं, कारण त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. कोणी त्यांना नाव ठेवलं नाही. देवीदास घड्याळासमोर बराच वेळ उभे राहिले. त्यांनी किल्ली दिली, काटे नीट लावले, घड्याळ छातीशी धरून दारापर्यंत गेले आणि परत आले. “ठेवा,” ते म्हणाले, “पण रोज किल्ली मीच देईन.”

मग बैलाची पाळी आली. त्याच्या पोटावर लिहिलं होतं, ‘कांता नत्थू’.

नत्थूंनी ब्रश उचलला. “देल्ला. लिहा.”

“थांबा,” वसुंधराबाई म्हणाल्या. “बैल तुमचा नाही, नत्थूभाऊ. जिचा आहे तिला विचारा.”

“तिले काय विचारायचं? लहान पोट्टी थे.”

“लहान आहे. पण बैल तिचाच आहे ना?”

सगळे कांताकडे पाहू लागले. तिने दोरी हातात घेतली. “मी नाही देत,” ती म्हणाली. “आबांनी मले देल्ला. बाकीच्याइले नाही.”

“बरं,” बाई म्हणाल्या. आणि त्या सतरंज्यांकडे वळल्या. 

कांता बैल ओढत निघाली. रस्त्याच्या गिट्टीवर चाकं खडखड वाजत होती. चंपा काही अंतर तिच्या मागे आली. मग रेल्वे क्वार्टरच्या फाटकाशी थांबली आणि परत गेली.

बैल आता कांताच्या ओसरीत राहू लागला. तिची आई राधाबाई येता-जाता त्याला अडखळायची. “काय व कांते, हा बैल हाय का धोंडा? माझ्या पायाची बोटं फोडून टाकली ह्यानं.” पहिल्या दिवशी कांता त्याच्यावर हवा तितका वेळ बसली. दुसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की आपल्यालाच बसायचं तर दोरी ओढायला कोणी नाही. तिने बैल ओढला, तर पाठीवर कोणी नाही. तिने पाठीवर गोधडीची घडी ठेवून पाहिली.

तिसऱ्या प्रहरी बालमंदिर सुटलं, की मुलं फाटकाशी येऊन उभी राहायची. ती काही मागत नसत. चंपा मूठभर हिरवं गवत आणायची आणि म्हणायची, “बइला बर लाने हंव.” बैलासाठी आणलंय. कांता गवत घ्यायची, बैलासमोर ठेवायची. कधी कोणाला बसवायची, कधी अभ्यास आहे म्हणून सांगायची. ‘नाही’ म्हटल्यावर मुलं निमूट निघून जायची. ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं कांताला वाटायचं. मालकीण होणं इतकं कंटाळवाणं असेल हे तिला ठाऊक नव्हतं. तरीही बैल द्यावा असं काही तिला वाटत नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. असं होतं, मुलांनो. मोठ्यांचंही होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी ओमप्रकाश पुन्हा आले. शाळेला सुट्टी होती, म्हणून कांताही शेडमध्ये होती. साहेब यादी वाचत एकेक वस्तू पाहू लागले. खुर्च्या, ठीक. सतरंज्या, ठीक. घड्याळ उलटं करून पाहिलं, ठीक. कपाटाचं नाव देवीदासांनी खोडलं होतं.

“लकड़ी का बैल, एक,” साहेबांनी वाचलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. “बैल कहाँ है?”

देवीदासांचा चेहरा उतरला. खेळण्याकडे कोण बघतं म्हणून त्यांनी तेवढं एक नाव खोडलंच नव्हतं.

“साहब,” ते म्हणाले, “वो... चरने गया है.”

मुलं खो-खो हसली. साहेब हसले नाहीत. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि यादी मिटली. कांताला सगळं समजत होतं. एक खोटी ओळ, की सगळा अर्ज खोटा. सूट गेली, की शेठच्या खोल्या गेल्या. आता बाई आपल्याकडे वळतील, तिला वाटलं. म्हणतील, जा गं, पळत जा, घेऊन ये.

वसुंधराबाई वळल्या त्या साहेबांकडे. “बैल इस बच्ची का है,” त्या म्हणाल्या. “उसने संस्था को नहीं दिया. यादी में नाम रह गया, यह हमारी गलती है. काट दीजिए.”

साहेबांनी कांताकडे पाहिलं. “तुम्हारा है, बेटी?”

“हाँ.”

“देना नहीं है?”

कांताने बाईंकडे पाहिलं. बाई एका मुलाची उसवलेली गुंडी लावत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, खूण केली नाही, काही नाही.

“अभी नहीं,” कांता म्हणाली.

“ठीक है.” साहेबांनी पेन पुन्हा उघडलं आणि त्या ओळीवर एक सरळ रेघ मारली. बाजूला सही केली. मग देवीदासांना म्हणाले, “चरने गया है! आप रेलवे में हैं न? वैगन कम निकले तो भी यही लिखते हैं?” आणि आता मात्र ते हसले.

पुढचं लवकर सांगून टाकतो. दिवाळीनंतर करातून सूट मिळाल्याचं पत्र आलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात शेठच्या दोन खोल्या उभ्या राहिल्या. पण त्या दुपारी हे कोणालाच माहीत नव्हतं.

साहेबांची जीप गेली. मोठी माणसं बाहेर बोलत उभी होती. कांता बाईंजवळ गेली.

“बाई, तुम्ही मले कावून नाही म्हटलं, की बैल आण?”

“तुझा होता म्हणून.”

“अन् सूट नसती भेटली तं?”

“तर नसती भेटली. दुसरी वाट पाहिली असती.” बाईंनी दोरा दाताने तोडला. “दुसऱ्याची वस्तू ओढून आणून देतात, त्याला देणं म्हणत नाहीत.”

कांताने बाईंसमोर बसकण मारली. “मी देल्ला, तं मग मले बसता येईल का त्याच्यावर?”

“येईल. बाकीच्यांसारखं.”

“तान्ह्या पोळ्याले कोण नेईल?”

“मुलं ठरवतील. तू असशील, नसशील.”

“मी मोठी झाल्यावर? माझ्या पोरांसाठी मांगला तं?”

“नाही मिळणार.”

“अन् बालमंदिर बंद पडलं तं?”

“दुसऱ्या कुठल्या बालमंदिरात जाईल. दुर्गला जाईल, आणखी कुठे जाईल. तुझ्याकडे येणार नाही.” बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. “गोड करून सांगू का तुला? मला सांगता येईल. पण ते खरं नसेल.”

कांता घरी गेली. दुसऱ्या दिवशी पोळा झाला. नत्थूंनी क्वार्टरसमोर मातीचे बैल पूजले, राधाबाईंनी पुरणपोळ्या केल्या. कांता दोनदा जेवायचं विसरली आणि आईने दोनदा हाक मारली.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी तिने बैलाला तेल लावलं. शेंब्या चिंचेने घासून लख्ख केल्या. गळ्यात झेंडूची माळ घातली.

“बोजाऱ्याले आधी देवीदासभाऊकडे जा,” राधाबाई म्हणाल्या. “घड्याळ देल्लं म्हणून त्याइची छाती फुगली हाय. काही तरी चांगलं देतील.”

कांता बैल घेऊन निघाली. देवीदासांचं घर डावीकडे होतं. ती सरळ गेली.

शेडसमोरच्या मैदानात मुलं जमली होती. छत्तीसगढातही पोळ्याला मुलं मातीच्या बैलांशी खेळतात. चंपाकडे असाच एक छोटा मातीचा बैल होता, चार चाकांचा. त्याचं एक चाक आत्ताच फुटलं होतं आणि ती तुकडे थुंकी लावून जोडायच्या खटपटीत होती. घुंगरांचा आवाज ऐकून सगळ्यांनी वर पाहिलं.

कांताने बैल वसुंधराबाईंसमोर उभा केला आणि दोरी त्यांच्या हातात दिली.

“लिहा,” ती म्हणाली.

“विचार केलास?”

“हो.”

“रडशील नंतर?”

“रडीन मी थोडीशी,” कांता म्हणाली. “पण लिहा.”

बाईंनी लिहिलं. मुलांना कोणी काही समजावून सांगितलं नाही, तरी त्यांना कळलं. एकच गलका झाला, आणि बाईंनी सगळ्यांना ओळीत उभं केलं. ओळ सरळ होते न होते तोच चंपाने कांताचा हात धरला आणि तिला सगळ्यांच्या पुढे ओढत नेलं. पहिल्या मुलाने मागे सरून जागा केली. दुसरीही सरकली. बैलाची पाठ मोकळी होती आणि सगळे वाट पाहत होते.

कांताने चंपाला काखेत धरून उचललं, बैलाच्या पाठीवर बसवलं, आणि मग ती ओळीच्या कडेकडेने चालत गेली आणि सगळ्यात शेवटच्या मुलाच्या मागे जाऊन उभी राहिली.